खंडेनवमीस यादफळा पुसला त्याची हकीकत

श्री. जें ध्यानांत राहतें त्यास नमन, आणि जें वेळेवर पुसलें जातें त्यास दोन नमन अधिक. शके एकोणीसशें एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, सोमवार, ते दिवशीं आमचे राज्यांत जें वर्तमान जाहलें तें डोळां देखिलें तैसें लिहितों. लिहिणाराचें नांव कोणी विचारूं नये. अक्षर वेडेंवांकडें उतरलें तर वाचणारांनीं सांभाळून घ्यावें.

राज्याचे मधोमध नदी, आणि नदीवर एक फरशी, म्हणजे पाण्यालगत बांधलेला बुटका पूल. त्यास कठडे नाहींत. कडेनें पांढरे रंगविलेले सात खुंट मात्र उभे, ते दिसतात तोंवर वाट दिसते. वर डोंगरांत धरण, आणि धरणाचे दरवाजे उचलले कीं दोन घटकांत पाणी फरशीवर चढे, आणि चढलें कीं गाडी काय, हत्ती घातला तरी वाहून जाईल ऐसी ओढ. मागें दोन वेळां माणसें गेलीं होतीं. म्हणून स्वामींनीं रयतेसाठीं एक झरोका उघडविला. टोपीकर त्यास वेबसाइट म्हणतात; आमचेकडे झरोकाच म्हणत. रयतेनें हातांतील मोबाईलवर बोट ठेवावें, "फरशी मोकळी कीं पाण्याखालीं?" ऐसें विचारावें, आणि राजधानीच्या यंत्रशाळेंतून उत्तर यावें, ऐसी योजना. नदीचे पूर्वतीरावर सोमाजी तारू नामें रखवालदार बसविला होता. तो खुंट पाहून पाण्याची खबर पाठवी, आणि ती यंत्रशाळेचे तळघरांत, जेथें राज्याचें सारें दफ्तर, तेथें नोंदली जाई.

परंतु योजना चांगली आणि चाल गोगलगाईची. कोणी एक प्रश्न विचारला कीं यंत्रांतील कारकून (हा कारकून हाडामांसाचा नव्हे, यंत्राचे पोटांतला अदृश्य चाकर) तळघरांत उतरे, आणि नदीचें फडताळ उघडी, आणि धरणाचें उघडी, आणि पावसाचें उघडी, मग तिन्ही पडताळून नवें उत्तर रची आणि जिना चढून वर येई. तोंवर दुसरा मनुष्य तोच प्रश्न विचारी, आणि दुसरा कारकून तोच जिना उतरे. बाजाराचे दिवशीं हजार माणसें एकच गोष्ट विचारीत आणि हजार वेळां तळघराची फेरी होई. जिन्यांत रेटारेटी, वर झरोक्यांत नुसतें चाक गरगरतें. रयत कंटाळून जाई, गाडीवान शिव्या देत, आणि गाडींतून उतरून आपले डोळ्यांनीं पाणी पाहत आणि मग जात. हें शेवटलें वाक्य वाचणारांनीं ध्यानांत धरावें, तेव्हां आम्हीं धरिलें नाहीं.

स्वामी नाराज जाहले. मग यंत्रशाळेचे जाणते रंगोजी वायचळ म्हणून होते, अंगानें किडकिडीत, बोलणें तुटक, चहा निवेपर्यंत हातांत धरावयाची खोड, त्यांनीं एक युक्ति काढिली. जिन्याचे वरलेच पायरीशीं एक फळा मांडिला. फळा लांकडाचा नव्हे. यंत्राचे चालत्या स्मरणांत मांडिलेला, वीज आहे तोंवर आहे, वीज गेली कीं कोरा. पहिल्या कारकुनानें खालून उत्तर आणिलें कीं तें फळ्यावर लिहावें, आणि मागून तोच प्रश्न घेऊन कोणी आला तर त्यास फळ्यावरूनच वाचून द्यावें, तळघरास जाऊं नये. फळ्यावरील प्रत्येक ओळीस दोन घटकांचें आयुष्य. तें सरलें कीं ओळ आपोआप मरे आणि पुन्हां ताजी आणिली जाई. आणि त्याहून मोठी गोष्ट, पुसावयाचा एक बोळा ठेविला. तळघरांत नोंद बदलली कीं तत्क्षणीं बोळा त्या ओळीवरून फिरे, आयुष्य उरलें असो वा नसो. यास यादफळा ऐसें नांव पडलें.

काय सांगावें त्याची चाल! बोट टेकतें न टेकतें तों उत्तर. हजार विचारोत कीं दहा हजार, यंत्र घाम म्हणून गाळीना. स्वामींनीं भर सभेंत रंगोजींस शेला दिला आणि "तुम्हीं राज्याचे पायांस पंख लाविले" ऐसें बोलिले. गाडीवानांची तर झरोक्यावर ऐसी श्रद्धा बसली कीं फरशीपाशीं वेग देखील कमी करीनात. वर्ष-दीड वर्षांत फळा एकदांही चुकला नाहीं. आणि आम्ही सारे फुगलों. मीही फुगलों, खोटें कां बोलूं.

आतां खंडेनवमीचें. ते दिवशीं हत्यारें-अवजारें पुजावयाचीं, आणि पुजलेलें अवजार दुसरे दिवशीं उत्तरपूजा होईतों चालवावयाचें नाहीं, ऐसी आमचे दफ्तराची जुनी चाल. दफ्तराचे मुख्य त्र्यंबकपंत साने, वय साठीला टेकलेलें, मनाचे वाईट नव्हत, परंतु भारी भित्रे. गतवर्षीं पूजा अर्धवट राहिली आणि तिसरे दिवशीं एक यंत्र जळालें, तेव्हांपासून त्यांनीं कानास खडा लाविला होता. ते म्हणाले, "फळा म्हणजे पाटीच. दसऱ्याच्या पाटीवर सरस्वती काढितात ती कोणी पुसतें काय? उद्यां सायंकाळपर्यंत फळ्यावरील एक अक्षर पुसलें जाऊं नये. सर्व ओळींस उद्यां सायंकाळपर्यंत आयुष्य द्या, आणि बोळा पूजेंत ठेवा. म्हणजे सणाची गर्दी झाली तरी यंत्र पडणार नाहीं, आणि माणसांसही घरीं जातां येईल."

रंगोजी जरा घुटमळले. हातांतील चहा निवला. म्हणाले, "पंत, बोळा थांबला आणि मध्येंच कांहीं बदललें तर?" पंत म्हणाले, "काय बदलणार? आठ दिवस आभाळ कोरडें ठक्क. पाऊस गेला." आणि रंगोजींनीं होकाराची मान हलविली. ती मान हलली तें मीं पाहिलें. मग बोळ्याची कळ बंद जाहली, कळीचा गुप्त शब्द पंतांनीं नवा करून चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी देवापुढें तबकांत ठेविली, आणि यंत्रास झेंडूची माळ घातली, आणि पुढें पाटावर पिठानें सरस्वती काढिली. ती सरस्वती काढिली ती याच हातानें. तेव्हां फळ्यावर ओळ होती ती ऐसी: "फरशी मोकळी. खुशाल जावें."

दोन प्रहरीं रंगोजींची धाकटी बहीण द्वारकाबाई, पलीकडचे गांवीं दिलेली, ती माहेरीं दसऱ्यास यावयास निघाली. रंगोजींस आईबाप नाहींत. हीच एक बहीण, आणि तिचें पहिलेंच लेंकरूं, तीन महिन्यांचें, मामानें अद्यापि पाहिलें नव्हतें. तिचा निरोप मोबाईलवर आला तो रंगोजींनीं मला वाचून दाखविला: "दादा, दाऊदभाईंच्या जीपमध्यें बसलें आहे, आम्ही नऊ जण. पिल्लू निजलें आहे. दाऊदभाईंनीं तुझा झरोका पाहिला, फरशी मोकळी म्हणतो. दिवेलागणीच्या आंत पोंचतें. पुरण राखून ठेव." वाचतांना रंगोजी हंसले. एरवीं ते हंसत नसत.

पुढें अर्धी घटका गेली असेल नसेल, तों सोमाजी तारूचा आवाज मोबाईलवर. वाऱ्याचा घोंघाट, आणि तो ओरडतो आहे: "सायेब, वर डोंगरांत ढग फुटल्यागत झालंय! धरणाचं दरवाजं उचललं! हितं फरशीवर कंबरंएवढं पाणी हाय, आन् मान्सं गाड्या घालायला निघाल्यात! दोघा मोटारसायकलवाल्यांस्नी म्या बकोटीला धरून मागं वढलं, तर मलाच मोबाईल दावत्यात, म्हनत्यात, सरकार मोकळी म्हनतंय, तू कोन? म्या दफ्तरांत घातलंय, दोनदां घातलंय! तुमी मोकळी का सांगताय?"

रंगोजींच्या तोंडचें पाणी पळालें. ते बोलिले, "सोमाजी, पैलतीरीं कोण आहे?" तो म्हणाला, "पैलतीरीं कोन असनार? म्या येकटाच, आन् म्या हिकडं." म्हणजे पूर्वेस सोमाजी, तो हातानें तरी अडवील, आणि द्वारकाबाई पश्चिमेकडून येणार, तिकडे अडविणारें कोणी नाहीं, फक्त आमचा झरोका, आणि आमचा झरोका म्हणतो, खुशाल जावें.

रंगोजींनीं बहिणीस मोबाईल लाविला. घांटांत आवाज पोंचत नाहीं. यंत्रांतील बाई बोलते, संपर्क होऊं शकत नाहीं. पुन्हां लाविला. पुन्हां तीच बाई. मग दाऊदभाईंचा लाविला, तोही तैसाच. मग धांवत यंत्रापाशीं आले आणि तळघरांतील दफ्तर उघडून पाहिलें. तेथें सोमाजीची नोंद लखलखीत: फरशीवर कमरभर पाणी, खुंट दोनच दिसतात, वाट बंद. आणि वर फळ्यावर, फुलांच्या माळेखालीं, सकाळची ओळ तैसीच ताजीतवानी बसलेली. खालीं खरें आणि वर खोटें, आणि रयतेस मिळतें तें वरलें. कारकून बिचारे आनंदानें वाटीत होते, एका पळांत शंभर, चुकूनही उशीर नाहीं.

मग रंगोजी त्र्यंबकपंतांकडे गेले. पंत सोंवळ्यांत, आरतीचें तबक हातीं. रंगोजी म्हणाले, "पंत, बोळ्याचा शब्द द्या. ओळ पुसावयाची आहे." पंत म्हणाले, "उद्यां." रंगोजी म्हणाले, "उद्यां नाहीं, आतां. फरशी बुडाली." पंतांचा चेहरा उतरला, परंतु हात तबकावरून हलेना. म्हणाले, "अहो, बोळा उठवावयास अर्धी घटका. आणि सणाचे दिवशीं चाळीस हजार माणसें झरोक्याशीं उभीं आहेत. ऐन गर्दींत फळा बिघडला तर ते सारे एकदम तळघरांत धांवतील. जिना कोसळेल, यंत्र मुकें होईल, स्वामी मजला काय म्हणतील? आणि पूजा मोडली कीं काय होतें तें गतवर्षीं पाहिलेंत ना?" मी म्हणतों, भीति सर्वांनाच होती. फक्त ज्याची त्याची वेगळी.

रंगोजी ओरडले, "होऊं द्या मुकें! माझी द्वारकी पाण्यांत जाते आहे, पंत! कडेवर तीन महिन्यांचें मूल आहे!" आणि मग ते तेथें थांबले नाहींत, शब्दही मागितला नाहीं. यंत्रापाशीं आले, झेंडूची माळ हातानें बाजूस सारिली, पिठाच्या सरस्वतीवर पाय पडूं नये म्हणून तेवढ्या घाईंतही पाट उचलून मजपाशीं दिला, आणि भिंतींतून वीज येते ती जाडी तार दोन्हीं हातांनीं धरून उपटली.

यंत्राचा आवाज ऐसा थांबला कीं कानांत दडा बसला. मग तार पुन्हां खोंचली. यंत्र जागें जाहलें, परंतु फळा कोरा. स्मरण म्हणून जें होतें तें विजेबरोबर गेलें, फरशीची ओळ गेली, आणि बाजाराची, औषधाची, शाळेची, सगळ्याच ओळी गेल्या. आणि पंत बोलिले तैसेंच घडलें. चाळीस हजार माणसांचे चाळीस हजार प्रश्न, आणि फळ्यावर अक्षर नाहीं, म्हणून चाळीस हजार कारकून एकदम जिन्यावर. जिन्यांत कोंडी. कोणी खालीं जाईना, कोणी वर येईना. साऱ्या राज्याचे झरोके मुके, आणि प्रत्येकाचे तळहातावर तें चाक गरगर, गरगर.

मग आम्ही बसलों. बहिणीस मोबाईल पुन्हां लाविला तर तीच बाई, करावयास दुसरें कांहीं उरलेंच नव्हतें. रंगोजी जमिनीवर, पाठ यंत्रास लावून, मोबाईल मांडीवर. मी शेजारीं, पाट अद्यापि माझे हातीं. त्र्यंबकपंत दारांत उभे, सोंवळें तैसेंच, आंत येत नाहींत आणि बाहेर जात नाहींत. रंगोजी आपणाशींच हिशेब करीत होते: निघाली तेव्हां ऊन होतें, घांट एक घटका, पुढें वळणें, मग फरशी. म्हणजे आतां फरशीवर. म्हणजे मीं तार उपटली तेव्हां फरशीच्या अलीकडे. किंवा पलीकडे. किंवा... आणि तेथें थांबत, आणि पुन्हां पहिल्यापासून: निघाली तेव्हां ऊन होतें. मीं म्हटलें, "रंगोजी, नका हो." ते म्हणाले, "फळा मीं केला. मान मीं हलविली." माझे मनांत येत होतें कीं दाऊदभाईंनीं निघतांनाच एकदां उत्तर घेतलें आहे, मोकळी म्हणून. आतां फरशीपाशीं पुन्हां कशाला विचारील? दीड वर्षांत आम्हींच तर त्यास शिकविलें, कीं विचारलें म्हणजे झालें. हें मी बोलिलों नाहीं. रंगोजींसही तेंच सुचलें असावें, कारण त्यांनीं डोळे मिटले.

राजवाड्यांतून दोन जासूद आले, झरोका कां बंद ऐसें विचारीत. त्यांस पंतांनीं, काय आश्चर्य, दारांतच अडविलें आणि म्हणाले, "थांबा. आतां कोणीं बोलूं नये."

मग मोबाईल वाजला.

रंगोजींना तो उचलतां येईना. मीं उचलून त्यांचे कानाशीं धरिला. आणि पलीकडून द्वारकाबाईंचा आवाज, खणखणीत, रागावलेला: "दादा! काय रे तुझा झरोका! नेमका आजच मेला होय? अर्ध्या तासापासून इथें फरशीच्या तोंडाशीं वळणाआड ताटकळलों आहोंत, मोबाईलही आतां कुठें लागतोय. दाऊदभाई म्हणाले, बाई, मी फरशीवर चाक घालण्याआधीं एकदां बोट टेकवितोंच, बिसमिल्ला म्हणण्यासारखें आहे तें माझें, तेवढें होऊं दे. तर बोट टेकविलें आणि चाक फिरतंय बाई, फिरतंयच! पोर रडायला लागलें, म्हणून मी मेली कंटाळून खालीं उतरलें, चार पावलें पुढें गेलें, आणि बघतें तों..." येथें तिचा आवाज बारीक जाहला. "दादा, खुंट एकच दिसतोय रे. सातांतला एक. आम्ही नऊ जण होतों आंत."

ती म्हणे, "दादा? ऐकतो आहेस ना? दादा, रडतोस काय?" आणि तेव्हां मोबाईलमधून लेंकराचा रडण्याचा आवाज आला, खच्चून, कोरडा, भुकेला, आणि रंगोजी म्हणाले, "रडूं दे त्याला. रडूं दे." त्र्यंबकपंत दारांतच खालीं बसले.

पुढें जिन्यांतली कोंडी सुटली, एकेक कारकून खालीं जाऊन खरें उत्तर घेऊन आला, फळ्यावर नवी ओळ चढली, "फरशी पाण्याखालीं, वाट बंद." दसऱ्याचे दिवशीं स्वामींनीं सर्वांस हुजुरांत बोलाविलें. स्वामींची मुद्रा कठोर. विचारिलें, "सणाचे दिवशीं राज्य मुकें कोणीं केलें?" रंगोजी पुढें जाहले. तोंच त्र्यंबकपंत बोलिले, "मुकें यांनीं केलें, परंतु लटकें मीं केलें होतें. हुकूम माझा." आणि रंगोजी म्हणाले, "मान मीं हलविली." आणि मग माझेही तोंडून निघून गेलें, "सरस्वती मीं काढिली, महाराज." त्यावर सभेंत कोणी हंसला, परंतु स्वामी हंसले नाहींत. म्हणाले, "दफ्तर आमचें आणि फळाही आमचा. दोघे दोन गोष्टी सांगूं लागले तर रयतेनें कोणाचें ऐकावें?" आणि स्वामी शेल्याचा पदर चाचपीत उठून गेले.

पुढें आज्ञापत्र निघालें, तें ऐसें: फळा असावा, कारण तळघरानें एकट्यानें राज्य चालत नाहीं. फरशीच्या ओळीस आयुष्य अर्धे घटकेहून अधिक देऊं नये. हरएक उत्तराखालीं तें कोणत्या वेळीं तळघरांतून आणिलें तें ठळक लिहावें. पश्चिमतीरींही एक रखवालदार बसवावा. आणि खंडेनवमीस पहिलें हळदकुंकू बोळ्यास लावावें आणि लावितांच तो कामावर परत पाठवावा. त्याची पूजा ती चालतेपणींच.

एवंच, यादफळ्यामुळें राज्य वेगवान जाहलें, यादफळ्यामुळेंच बुडतां बुडतां वांचलें, आणि तीन माणसांनीं आपापली चूक आपल्या तोंडानें सांगितली, ऐसें हें वर्तमान. पुढील सालीं त्र्यंबकपंतांनीं आपले हातानें बोळ्याच्या कळीस कुंकू लाविलें, तेव्हां बोट इतकें कांपलें कीं कुंकू भिंतीस लागलें. तें अद्यापि तेथें आहे. रंगोजींचा भाचा आतां बोलूं लागला आहे. द्वारकाबाई दर दसऱ्यास माहेरीं येतात, झरोका पाहतात, उत्तराखालची वेळ वाचतात, आणि फरशीपाशीं दाऊदभाईंस गाडी थांबवावयास लावून खालीं उतरतात आणि सातही खुंट मोजतात. लेखनसीमा.